बदललेलं ट्रेसिंग

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. निरोपसमारंभात टाळलं, बायकोला कळू दिलं नाही, इथे आयर्लंडात, ड्रोहेडाला मुलीकडे राहायला आल्यावरही गप्पच राहिलो. आता एका जागी बसवत नाही. उगाच खिडकीशी जातो, परत येतो.

मी पुण्याकडे शस्त्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. एका युरोपीय सबमशीनगनच्या आराखड्यावरून आमच्याकडे गन तयार होत होती. तिच्यात एक खोट होती: दस्त्यावर आपटली की आतला बोल्ट मागे उसळून पुढे यायचा आणि चाप न ओढताच गोळी सुटायची. मूळ डिझाइनवाल्यांनी बोल्ट मध्येच अडकावा म्हणून एक खाच खोल केली आणि सुधारित ड्रॉइंग पाठवलं. मी ट्रेसिंग, म्हणजे प्रिंटा काढायची पारदर्शक कागदावरची नक्कल, काढलं ते जुन्यावरून. नवं माझ्याच टेबलावर, इतर कागदांखाली पडलं होतं.

चाचणीत गन ठोकळ्यावर पाडली आणि बिनगोळीच्या काडतुसाची टोपी फाटकन फुटली. चौकशी लागली. जेवणाच्या सुट्टीत मी खोल खाचेचं ट्रेसिंग काढलं, खाली जुनी तारीख घातली. जुनं फाडलं. ती खाच घासणाऱ्या फिटरच्या टेबलावरची प्रिंटसुद्धा बदलली.

फिटर म्हणत राहिला, "ड्रॉइंगमध्ये होतं तेवढंच घासलंय मी." ड्रॉइंग उघडलं, तर खाच खोल. त्याला पॅकिंग खात्यात टाकलं.

गेल्या गणपतीत इथल्याच पोर्टलीश गावच्या हॉलमध्ये तो फिटर समोर आला. मुलाकडे तीन महिन्यांसाठी आला होता.

"काय साहेब, आयर्लंडातही खिशात पेन्सिल?"

"सवय."

"बरंय तुमचं. माझी कानस सुटली ती सुटलीच."

त्याची सून हसत म्हणाली, "काका, किचनमधल्या प्रेसचं, म्हणजे कपाटाचं हो, दार कधीचं लोंबतंय. बाबा हात लावतील तर शपथ."

"चुकलेला हात आहे, सूनबाई," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "साहेब, मी मापून घासलं होतं हो. मग चुकलं कसं?"

"होतं असं कधीकधी," मी म्हणालो आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

पुढच्या आठवड्यात डब्लिनला गाडी बदलून मी एकटाच पोर्टलीशला गेलो. त्याच्या घरावरून दोनदा चाललो. खिडकीतून तो दिसला, पेपर वाचत होता. बेल वाजवली नाही. तो भारतात परतला आणि थंडीत वारला.

हे लिहिलेले कागद मी त्याच्या मुलाला देणार आहे. त्या दिवशी त्याला सांगायला गाडीत पाठ केलेलं सगळं अजून जसंच्या तसं आठवतं: तुमची खाच ड्रॉइंगप्रमाणेच होती. तुमचा हात चुकला नव्हता. चुकलो मी, आणि ते तुमच्यावर ढकललंही मीच. मला माफ करा.