टाइट एंडची जर्सी

आमच्या ऑफिस कॅबमध्ये दाराजवळची सीट टीम लीडची. के. आर. पुरमला कुणीही चढलं तरी हा बाबा आत सरकत नाही. गुडघे तेवढे तिरपे करतो. माणूस बेळगावचा, अंगात मात्र अमेरिकन फुटबॉलमध्ये टाइट एंड या जागी खेळणाऱ्या एका खेळाडूची जर्सी. "चेंडू तर झेलायचाच, शिवाय दुसरा पळत असला की त्याच्या वाटचा मार आपण खायचा. असा पाहिजे बघ माणूस!" हे प्रवचन रोज, पाय पसरून. त्या खेळाडूची अख्खी कारकीर्द त्याने घरच्या लग्नासारखी मिरवली. इकडे ह्याच्या स्वतःच्या चुकांवरून क्लायंट खवळला की कॉलवर मला बसवतो. मी बोलणी खातो, तो कॉफी पितो.

सोमवारी स्वारी साध्या शर्टात आली.

"जर्सी कुठंय?" मी विचारलं.

"गुडघा गेला की त्याचा. संघानं काढून टाकलं. बरंच केलं. मोडक्या माणसाला किती दिवस पोसायचं?"

आवाजात दुःख औषधालाही नव्हतं. "अण्णा, एसी स्वल्प जास्ती," असं ड्रायव्हरला सांगून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

"आजचा कॉल तूच घे. तू म्हणजे आपला टाइट एंड!"