दह्याचे डबे परत येईनात

परवा सकाळी रिसोडमध्ये मी आमचेच डबे मागत दारोदार फिरले. खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर उसनं हसू.

आमच्या बचत गटातल्या आम्ही चौघी दही लावतो आणि ओळखीच्या घरांना देतो, स्टीलच्या छोट्या डब्यांतून. प्लास्टिकचा कप नाही, पिशवी नाही. भरलेला डबा न्या, रिकामा परत द्या, तोच घासून पुन्हा भरू... हेच आमचं बिझनेस मॉडेल!

आयडिया माझी. बाकीच्या तिघी आधी कपच घेऊ म्हणत होत्या. ट्रेनिंग द्यायला आलेल्या मॅडमनीसुद्धा टोकलं होतं, डबे परत नाही आले तर काय? डिपॉझिट ठेवा. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मॅडम, आमच्याकडची माणसं तशी नाहीत!

आणि एप्रिल लागला तसे डबे यायचेच बंद झाले. ऐन उन्हाळ्यात दह्याला मागणी, आणि भरायला डबा नाही. विचारलं की "देतो ना, देतो"... ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. एवढी ओळखीची माणसं, डबे गिळून बसली की काय? असले विचार यायचे आणि माझी मलाच लाज वाटायची.

नवरा म्हणाला, "कप घेऊन टाक ना, कायले जीव जाळून राह्यली?" गटातल्या तिघीही तेच म्हणायला लागल्या, पण हळू आवाजात, मला वाईट वाटू नये म्हणून. तेच जास्त लागलं. आमच्या गल्लीतली नाली आधीच कप आणि द्रोणांनी तुंबलेली... त्यात आता आमचे कप, वर आमच्या गटाचं स्टिकर! शेवटी परवा ठरलं, आज डबे मिळाले नाहीत तर संध्याकाळी कपांची ऑर्डर द्यायची.

पहिलं घर शोभाकाकूंचं. मागच्याच गल्लीत राहतात, मी लग्न होऊन आले तेव्हापासून मला लेकीसारखं वागवतात. त्यांच्याकडे डबे मागायचे तरी कसे? चहा झाला, तब्येतीची विचारपूस झाली. मग डोळे मिटून बोलून टाकलं, "काकू, आमचे डबे असतील तर..."

काकूंनी स्वयंपाकघरातल्या मांडणीकडे बोट दाखवलं. त्यांच्याकडे गेलेले आमचे सगळे डबे तिथं ओळीनं ठेवलेले. लख्ख घासलेले, झाकणं लावलेले.

"बाप्पा! रिकामा डबा कसा देऊ वं तुले? बरं दिसते काय? कुरडया वाळल्या की भरून देतो म्हटलं... पण हे आभाळ हटूनच नाही राह्यलं!"

मला क्षणभर काही कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा हसू की रडू असं झालं. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे मलाही माझ्या आईनं शिकवलंय. मी स्वतः आजवर कधी रिकामं दिलेलं नाही. आणि मॉडेल काढताना नेमकं हेच डोक्यातून गेलं! ढगाळ हवेनं गावभरच्या कुरडया अडकल्या होत्या, आणि कुरडयांपायी आमचे डबे.

मी म्हटलं, काकू, हा धंदा आहे हो, रिकामेच द्या. कसलं काय! "माह्या हातून रिकामं जाणार नाही," म्हणून हटूनच बसल्या. शेवटी एकेका डब्यात चिमूटभर साखर टाकली, तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

पुढच्या घरांत मग मी दारातूनच सांगत सुटले, कुरडयांसाठी थांबू नका, चिमूटभर साखर टाका आणि द्या! बहुतेक ठिकाणी डबे तसेच घासून ठेवलेले निघाले. एका घरी त्यात तिखट भरलेलं होतं, ती बाई ओशाळली, मीही ओशाळले. दोन-तीन हरवले, ते हरवलेच.

दुपारी गटात बसून डबे उघडले. साखर, मुरमुरे, कढीपत्त्याची एक डहाळी, एकात नुसतं एक लिंबू... कपांचं नाव कुणीच काढलं नाही. एक जण उठून सरळ दुधासाठी फोन लावायला गेली.

आता नवीन नियम, डबा दारातच बदलायचा आणि साखरेवर भागवायचं. चालेल का हे? माहीत नाही... पुढे लग्नसराई आहे, पाहुणे आहेत, माझी धाकधूक काही जाणारी नाही.

पण एक सांगते. ज्यांच्यावर मी मनातल्या मनात शंका घेत बसले होते ना... ती माणसं माझा डबा भरून द्यायला ऊन पडायची वाट बघत होती.