गवताची इमारत

गगनबावड्याचा पाऊस वरून खाली पडत नाही, तो कोकणातून आडवा येतो. त्याच्याबद्दल मी वाढवून सांगणार नाही. एवढंच की तिथं छत्री ढालीसारखी समोर धरतात आणि डोकं कोरडं राहतं. म्हणून पावसाआधी लोक भिंतींवर बाहेरून गवताच्या जाड झडी बांधतात, त्या दसऱ्याला उतरवतात. झोपडी असो की सरदारांचा बंगला, तोवर सगळ्या गवताच्या गंजीच.

संस्थान विलीन झालं आणि नव्या सरकारला तिथं कचेरीसाठी इमारत हवी झाली. मी कोल्हापुरात नकाशे काढायच्या नोकरीत होतो. ऐन आषाढात ओव्हरसियर आणि मी तिथल्या सरदारांचा बंगला पाहायला गेलो. पसंत पडला तर सरदारांना तो सोडावा लागणार होता आणि हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी आम्हाला खेकड्यांचं कालवण, नाचणीची भाकरी वाढली आणि बंगल्याचा इतिहास सांगितला.

आजोबांनी तो शिकारीसाठी बांधला. काळा दगड, दोन हात जाड भिंती, खिडकीच्या कोनाड्यात दोन माणसं आरामात झोपावीत. चुना मळायच्या घाण्यात गूळ इतका ओतला की त्या साली कोल्हापुरात पुरणाला गूळ मिळाला नाही. पुढं अस्वलं भिंती चाटायला यायची, त्यामुळं आजोबांना रानात जावंच लागलं नाही. सज्ज्यात आरामखुर्ची टाकून ते शिकार करत. मीही दिवाणखान्याची भिंत चाटून पाहिली. गोड होती, हे शपथेवर सांगतो. शपथा मला बाधत नाहीत.

ओव्हरसियर म्हणाले, बाहेरचं बांधकाम पाहायचंय, झडी काढा.

"काढा की, पावणं," सरदार म्हणाले, "फकस्त जायच्या आधी परत बांधून द्यायच्या."

ओव्हरसियरांनी खिडकीतून आडवा पाऊस पाहिला. इमारत पसंत केली तर मोजमापाला असल्याच पावसात चार खेपा. त्यांनी बसल्या जागी अहवालात लिहिलं, 'भिंती : गवताच्या.'

दसऱ्याच्या सुमारास सरकारचं पत्र निघालं : सदर गवताची इमारत कचेरीस अयोग्य आहे. ते पत्र घेऊन, फेटा बांधून, सरदार थेट माझ्या टेबलापाशी आले. मी म्हटलं, अभिनंदन, बंगला वाचला.

"माझ्या आज्याचा बंगला गवताचा व्हय?"

त्यांना अपील करायचं होतं आणि त्याला जोडायला खरा नकाशा हवा होता. मी हळू आवाजात समजावलं की सरदारसाहेब, नकाशा जोडलात की बंगला गेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जाऊ दे की. पर दगडाचा म्हणून जाऊ दे."

आठ दिवस खपून मी नकाशा काढला. कमानी, खांब, भिंतींची जाडी, सगळं दाखवलं. अस्वलं तेवढी गाळली.

चैत्रात कचेरी बंगल्यात आली आणि सरदार कोल्हापुरात, शाहूपुरीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहू लागले. ताब्याच्या हुकमात 'भक्कम दगडी इमारत, उत्तम स्थितीत' असं लिहिलं होतं. येईल त्या पाहुण्याला ते तेवढी ओळ वाचायला लावत. त्या खोल्यांच्या भिंती विटांच्या होत्या. मी बऱ्याचदा जात असे, पण त्या भिंतीला पाठ टेकून बसलेले ते मला कधी दिसले नाहीत.