गुंजाळकाकूंच्या भिंतीवरचे दोन पट्टे

गुंजाळकाकूंना कशाचाही रंग विचारा, त्या आधी एक डोळा मिटून घेतात. नव्या भाजीवाल्याला वाटतं, काकू आपल्याला डोळा मारतात. बिचारा घाबरून कोथिंबीर फुकट देतो.

ही खोड भिंतीपायी लागली. बजाजनगरात मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. काका वाळूजच्या एका कारखान्यात रंगखात्यात होते. रिटायर झाल्यावर हॉल रंगवायचा म्हणून त्यांनी भिंतीवर दोन पट्टे मारले, दोन्ही हिरवट करडे. काका म्हणत, "खालच्यात हिरवा जास्त हाय." काकू म्हणत, "दोन्ही एकच हायेत. राखुंडीवानी." हिला फरक दिसल्याशिवाय भिंतीला ब्रश लावायचा नाही, असं काकांनी ठरवून टाकलं. भिंत तीन वर्षं तशीच राहिली.

घरात येईल त्यानं आधी मत द्यायचं, मगच चहा. सिलिंडरवाला, जावई, मतदारयादी तपासायला आलेल्या बाई, सगळ्यांनी मतं दिली. मी दोघांनाही एकेकटं गाठून "तुमचंच बरोबर" म्हणायचो आणि दोनदा चहा प्यायचो. मला स्वतःला फरक दिसत नव्हता, हे आज कबूल करतो.

मग काका अचानक गेले. भेटायला आलेले लोक रडून झाल्यावर सवयीनं भिंतीकडं बघत. एक चुलतदीर तर म्हणाले, "वहिनी, मला तर दोन्ही सारखेच दिसतात." काकूंनी डोळे पुसत त्यांना चहा टाकला.

वर्षभरानं काकूंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. क्रांती चौकातल्या दवाखान्यातून मीच त्यांना रिक्षानं आणलं. पट्टी निघाली त्या दिवशी त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसल्या. कधी हा डोळा झाकत, कधी तो.

"खालचा हिरवाच हाय की रं," त्या हळूच म्हणाल्या. "तीन वरीस हे खरंच सांगत व्हते."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "दुसऱ्या डोळ्याची तारीख घेऊ का? भिंत रंगवायला मिस्त्रीलाही बोलावतो."

"काई नको. या डोळ्यानं त्यांचं खरं, त्या डोळ्यानं माझं. दोन्ही डोळे नीट झाले तर भांडू कुणासंग?"

मी आता हर्सूलला राहतो. दर रविवारी बजाजनगरला जातो आणि काकांच्या बाजूनं भांडून येतो.