अठरा कपाटं, एक किल्ली

मडिवाळप्पांना माऊस धड धरता येत नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण २०१६ साली त्यांच्यावर जी नोटीस निघाली तिच्यात 'संगणक प्रणालीत अनधिकृत शिरकाव' असे भारदस्त शब्द होते. शिरकाव करणारा हा गृहस्थ माऊस इस्त्रीसारखा दाबून सरकवायचा आणि तो टेबलावरून खाली लोंबकळला की मला हाक मारायचा.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसलो. कचेरी लातुरातली, सरकारी. कोणती ते विचारू नका.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा, म्हणजे ब्याऐंशी साली, अप्पा तिथं रोजंदारीवर शिपाई म्हणून लागले. वय चोवीस. नव्या जिल्ह्याला सगळंच घाईघाईत लागत होतं. एका ट्रकमधून अठरा लोखंडी कपाटं आली, ती अप्पांनीच पाठीवर वाहून खोल्यांत लावली. पंधरा दिवसांनी त्यांनी चुकून आवक-जावकच्या कपाटाला आस्थापनेची किल्ली लावली आणि कपाट उघडलं. त्यांनी दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. अठराही कपाटं त्या एका किल्लीनं उघडत होती, साहेबांचं गोपनीय कपाटसुद्धा. अप्पा धावत मोठ्या कारकुनाकडं गेले.

"सगळी कपाटं उघडून पाहिलीस?" कारकुनानं विचारलं.

"हाव साहेब, अठराच्या अठरा."

दुसऱ्या दिवसापासून अप्पांना कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. सात महिने ते निलंग्याकडं एका अडतीवर पोती उचलत होते. नंतर माणूस कमी पडला म्हणून परत घेतलं, पुढं ते कायम झाले, परीक्षा देऊन कारकूनही झाले. कुलपं मात्र बदलली नाहीत.

आता २०१६. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्या कचेरीत खेड्यांच्या टँकरच्या खेपांची नोंद चालायची. त्यासाठी कुठल्याशा कंपनीचा माणूस येऊन दोन तासांत संगणकावर कार्यक्रम बसवून गेला. खेपा भरायला कंत्राटी ऑपरेटर महानंदा होती. तिला फक्त नोंद करता यायची, मंजुरी साहेबांच्या पासवर्डनं. अप्पांना नुसतं वाचता यायचं. जो तो आपापल्या पायरीवर, असा बंदोबस्त होता.

एक दिवस कार्यक्रम अडकला. कंपनीच्या माणसानं फोनवरून महानंदाला एक नवी फाइल अमुक फोल्डरमध्ये टाकायला सांगितली. तिनं टाकली, काम सुरू झालं आणि पोरगी विचारात पडली. संध्याकाळी ती अप्पांच्या टेबलाशी आली. मी कान देऊन ऐकत होतो.

"अप्पा, त्या फोल्डरनं मला पासवर्डच विचारला नाही."

"मग बरंच झालं की."

"बरं नाही हो. संगणक सुरू झाला की काही कामं मागच्या मागं आपोआप चालू होतात, त्याला सर्व्हिस म्हणतात. खेपांची नोंद वरच्या कचेरीला पाठवायचं काम अशीच एक सर्व्हिस करते. ती म्हणजे शिपाई समजा. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. ट्रेमधली चिठ्ठी उचलतो आणि लिहिलंय ते करतो. चिठ्ठी कुणी ठेवली ते बघत नाही. आणि तो ट्रे ठेवलाय व्हरांड्यात."

अप्पांनी चष्मा काढला. "म्हंजे कुणीबी चिठ्ठी ठेवली तर?"

"ठेवणारा साहेबांच्याही वर जातो. खेपा मंजूर करील, एखाद्या गावाच्या पुसून टाकील, पत्ता लागणार नाही. मी एक साधी चिठ्ठी ठेवून पाहिली. 'तू कुणाच्या अधिकारानं चालतोस' एवढंच विचारलं. उत्तर आलं, खुद्द संगणकाच्या मालकाच्या. उद्या साहेबांना लिहून देते."

"न्हाई," अप्पा म्हणाले. इतक्या जोरात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "तू काईच लिवू नको."

तिचा करार एकतीस मेला संपत होता. घरात कमावणारी ती एकटी. फाइल तूच टाकलीस, म्हणजे तूच घुसलीस, असं म्हणायला कुणाला कितीसा वेळ लागणार होता?

मी शहाणपणा शिकवला. म्हटलं, "अप्पा, तीस जूनला तुम्ही रिटायर. तिचंही पोट आहे. सोडून द्या." असं मी म्हणालो, लपवत नाही.

"सिद्धेश्वरराव, एका गावाची खेप पुसली, तर तिथल्या बायांनी कुणाच्या नावानं बोंब मारायची?" एवढं बोलून त्यांनी वही काढली.

पुढचे चार दिवस जेवणाच्या सुट्टीत महानंदा सांगायची आणि अप्पा लिहून घ्यायचे. खोटं लिहायचं नाही हा त्यांचा हट्ट. अर्जात 'मी स्वतः तपासले' असं म्हणायचं तर स्वतः तपासायला हवं. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा जमलं, तेव्हा भाकरी तशीच राहिली होती. त्याच दुपारी त्यांनी आपल्या सहीनं अर्ज दिला.

आठवड्यानं चौकशीला तंत्रज्ञ अधिकारी आले. साहेब तापलेलेच होते. "ज्यांना माऊस धरता येत नाही त्यांनी शोध लावलाय," ते म्हणाले. "दाखवा करून."

अप्पा खुर्चीवर बसले, वही मांडीवर. आपल्याच नावानं, नुसत्या वाचायच्या अधिकारानं, संगणक उघडला. माऊस एकदा खाली लोंबकळला. मी उचलून दिला, माझी बहादुरी तेवढीच. त्यांनी एका बोटानं फाइल टाकली आणि संगणक बंद करून चालू केला. पडद्यावर महानंदाला आली होती तीच ओळ आली, खुद्द संगणकाच्या मालकाच्या अधिकाराची. अधिकाऱ्यानं ती दोनदा वाचली आणि साहेबांकडं पाहिलं.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

कोपऱ्यात महानंदा उठून उभी राहू लागली.

"बस गं पोरी, खेपा भर," अप्पा मागं न बघता म्हणाले. मग साहेबांना, "तुमच्या डोळ्यांपुढं मी केलं न्हवं का? मग नाव माझंच लिवा."

अधिकाऱ्यानं अर्ध्या तासात त्या फोल्डरमध्ये कुणीही फाइल टाकायला बंदी घातली, सर्व्हिसचे जास्तीचे अधिकार काढून तिला तिच्या कामापुरतेच ठेवले. कंपनीला एक पत्र गेलं. नोटीस अप्पांना आली. चौकशी प्रलंबित म्हणून तीस जूनला त्यांचा निरोप समारंभही झाला नाही. इथं रजेवर राहून राहून पगार घेतलेल्यांनासुद्धा शाल-नारळ मिळाला आहे. मला त्या दिवशी साहेबांचा जितका राग आला त्याहून जास्त स्वतःचा आला. महानंदाच्या कराराला मुदतवाढ मिळाली.

नोटिशीचा खुलासा अप्पांनी मला टाइप करायला दिला होता. "सन १९८२ मध्ये कुलपांची बाब निदर्शनास आणल्यावरून मला कमी करण्यात आले, कुलपे तीच राहिली. या वेळी कुलूप बदलण्यात आले. माझा अन्य काही खुलासा नाही." मी एक शब्दही बदलला नाही.

जुलैत त्यांचं दप्तर माझ्याकडं आलं. कपाटाची किल्ली ते जमा करून गेले होते, ती कुठल्या ड्रॉवरमध्ये पडली कुणाला सापडेना. शेवटी मी माझी लावून पाहिली. कपाट उघडलं.