राघो मढवींची काठाची टोपी

देवाने माणसाला डोके दिले. त्या डोक्यावर काय घालावे हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना, सोयऱ्याधायऱ्यांना आणि सोसायटीच्या पहारेकऱ्याला देऊन टाकला असावा. त्या दयाघनाला आधी वंदन करतो, मग ही तक्रार त्याच्याच पायांवर घालतो. कारण ज्याची ही कथा, तो राघो मढवी गेली कित्येक वर्षे एकच गाऱ्हाणे गातो आहे, आणि त्याच्या त्या गाऱ्हाण्याला टाळ धरणारा एकही माणूस त्याला अजून मिळालेला नाही.

राघो घोडबंदर रोडला राहतो. ज्या शेतात त्याने लहानपणी गुडघाभर चिखलात भाताची लावणी केली, त्याच शेतावर आज टोलेजंग इमारत उभी आहे आणि तिच्या चौदाव्या मजल्यावर त्याचा संसार आहे. जमीन गेली, घर मिळाले, भाडी येऊ लागली. गावातल्या इतरांनी गाड्या घेतल्या, शर्यतीचे बैल घेतले, गळ्यात साखळ्या घेतल्या. राघोने टोप्या घेतल्या. लोकरीच्या नमद्याच्या, रुंद काठाच्या, जुन्या. ज्यांना आपण सरळ फेल्ट हॅट म्हणतो. एक वसईच्या वृद्ध ख्रिस्ती गृहस्थाच्या घरून, एक चोरबाजारातून, एक टेंभी नाक्याजवळच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून, जिथे ती गिऱ्हाइकांना फोटोपुरती घालायला देत असत. करडी, तपकिरी, काळी, शेवाळी. कपाटच्या कपाट भरले. आणि तो त्या नुसत्या ठेवत नाही, घालतो. भाजीला जाताना घालतो, बँकेत जाताना घालतो, हळदीला घालतो, बारशाला घालतो.

आणि जिथे जातो तिथे काढायला लावतात!

बँकेत म्हणतात, कॅमेऱ्यात चेहरा दिसत नाही, काढा. नाट्यगृहात मागचा प्रेक्षक म्हणतो, काका, रंगमंच दिसत नाही, काढा. रिक्षावाले विचारतात, "काय शेठ, घोडा कुठे बांधला?" पावसाळ्यात तर आमच्या ठाण्याची हवाच त्याची वैरीण होते. श्रावणात कपाट उघडावे तर टोप्यांवर पांढरी बुरशी, भाद्रपदात कसर लागलेली. मग हा बिचारा डांबरगोळ्या मांडतो, मऊ ब्रशने एकेक काठ साफ करतो, किटलीच्या वाफेवर धरून दबलेला माथा पुन्हा उभा करतो. घरच्यांना हजारदा सांगतो, "टोपी माथ्याला चिमटीत धरू नका, काठाने धरा. ठेवताना उलटी ठेवा, काठावर ठेवली की काठ बसतो." आणि त्याची पत्नी नयन हजारदा ऐकते, हजारदा मान हलवते, आणि केर काढताना टोपी चिमटीत उचलून काठावरच ठेवते.

"अगं, किती वेळा सांगायचं?"

"देवाला ठेवते तशी ठेवली. सरळ! उलटं काय ठेवतात घरात, सांग बरं? अशुभ ते!"

राघो पुन्हा किटली चढवतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढा सोस कशासाठी? तर ऐका.

राघोचे वडील गोपीनाथ खाडीकाठच्या मिठागरात मजूर होते. मिठागरातले ऊन आभाळातून पडते तसे खालूनही उसळते. वर सूर्य, खाली मिठाची पांढरी शुभ्र खाचरे, आणि मधल्यामध्ये माणूस भाजून निघतो. मिठागराच्या मालकाला तिथे शिलोत्री म्हणत. त्या शिलोत्र्याने एका हंगामाच्या अखेरीस आपली जुनी तपकिरी फेल्ट हॅट गोपीनाथला देऊन टाकली. तेव्हापासून ती टोपी आणि ते डोके यांची ताटातूट झाली नाही. छोटा राघो बापाची भाकरी घेऊन बांधावर जाई. बाप येऊन त्याच्याशेजारी उकिडवा बसे, आणि त्या रुंद काठाची सावली बापाच्या खांद्यावरून ओघळून लेकाच्या तोंडापर्यंत येई. सबंध मिठागरात सावली म्हणून तेवढीच. बाप ओल्या, खारट बोटांनी टोपीचा माथा पुढून चिमटीत धरून ती काढी आणि घाली. धरून धरून तिथे दोन बोटांचे दोन खळगे पडले होते, आणि खळग्यांत मीठ साचलेले असे.

बाप गेला तेव्हा रीतीप्रमाणे त्याचे कपडे गाठोड्यात बांधून खाडीत सोडले. त्या गाठोड्यात टोपीही गेली. राघो तेव्हा विशीत होता, रडण्यात होता. त्याला ते कळले चार दिवसांनी. तेव्हापासून तो तसली टोपी शोधतो आहे. घरी आणतो, आरशापुढे घालतो, आणि म्हणतो, "छे! ही ती नाही."

पण खरे दुःख याहून वेगळे आहे, आणि ते खडवलीला राहते. त्याचे नाव गोदा.

गोदा राघोची थोरली बहीण. आई लवकर गेली. या बहिणीनेच त्याला कडेवर वाढवला. खडवलीला तिचे सासर. भाऊबीजेला राघो घोडबंदर रोडच्या वाहनांच्या गर्दीतून वाट काढत दरवर्षी तिच्या दारात उभा राहतो. आणि आपल्याकडची रीत तुम्ही जाणता, औक्षणाला पुरुषाने उघड्या डोक्याने पाटावर बसू नये. टोपी हवी; टोपी नसेल तर रुमाल; रुमालही नसेल तर निदान हाताचा तळवा तरी डोक्यावर हवा. राघोने तीन वर्षांपूर्वी ठरवले की आपण आपली सर्वांत सुंदर हॅट घालूनच पाटावर बसायचे. गोदा तबक घेऊन आली, टोपी पाहिली, आणि तबक घेऊन आत गेली.

"ती काड. पांढरी टोपी घाल, मंग ओवालतंय."

"बाय, डोकं झाकलंय ना?"

"नाय म्हंजे नाय."

तीही मढवींची लेक आणि हाही मढवींचा लेक. तीन भाऊबीजा झाल्या. भाऊ येतो, जेवतो, बहिणीच्या पाया पडतो, आणि कोरे कपाळ घेऊन परत जातो. ज्या बोटांनी लहानपणी त्याला न्हाऊमाखू घातले, त्या बोटांचे कुंकू तीन वर्षे त्याच्या कपाळी लागले नाही. हेच ते दुःख. टोपी घालायची आहे, आणि तीच टोपी घालून बहिणीकडून ओवाळून घ्यायचे आहे. एवढेच त्याचे मागणे. दोन्ही एकत्र काही मिळत नाही.

यंदा दिवाळीआधी माझे कीर्तन संपल्यावर तो मला गाठून म्हणाला, "महाराज, शास्त्र काय सांगतं? डोकं झाकावं की पांढऱ्या टोपीनंच झाकावं?"

मी म्हणालो, "दिव्यापुढे मस्तक नम्र असावे, एवढे मी जाणतो. काठाच्या रुंदीबद्दल काही माझ्या वाचनात नाही."

तो इतका हरखला, जणू कोर्टाचा निकाल हातात पडला! भाऊबीजेच्या सकाळी त्याने कपाटातली सर्वांत उत्तम तपकिरी टोपी काढली, फीत साफ केली, नयनला गाडीत बसवले आणि खडवली गाठली. पुढचे सारे मला नयनवहिनींनी सांगितले, आणि त्यांना पदरचे घालायची सवय नाही.

अंगणात रांगोळी, रांगोळीत पाट. राघोच्या आधी राघो-गोदांचा चुलतभाऊ साईनाथ पोचला होता. तो टोपी विसरून आला होता. गोदाबाईंनी काय केले? भाकरीच्या टोपलीवरचा नॅपकिन काढला, झटकला, साईनाथच्या डोक्यावर टाकला आणि त्याला खुशाल ओवाळून मोकळ्या झाल्या. मग राघो पाटावर बसला, आणि तबक जागच्या जागी थबकले.

"काड ती."

"बाय, महाराज बोलले, चालते!"

"महाराजांना सांग, आदी तुमच्या बहिनीला इचारा."

राघोचा तोल सुटला. "याच्या डोक्यावर तू भाकरीचा नॅपकिन टाकलास! पीठ हाय अजून त्याला! तो चालतो, आनि माजी लोकरीची टोपी चालत नाय? ती अशी का वाईट हाय?"

साईनाथ नॅपकिनाखालून म्हणाला, "आता मना कशाला मदी घेतव? मी जेवाला आयलू."

"नॅपकिनला कोन हसत नाय," गोदा म्हणाली.

"मंग टोपीला कोन हसतंय? मना हसतात, हसू दे! तुजं काय जातंय?"

तेव्हा गोदाबाईंनी तबक खाली ठेवले. त्या पाटासमोर जमिनीवर बसल्या. सत्तरीची बाई, बसायला वेळ लागला. आणि आजवर त्या एकदाही जे बोलल्या नव्हत्या ते बोलल्या.

त्यांच्या लग्नात व्याह्यांनी मुलीच्या बापाला मानाची टोपी आणि टॉवेल दिला. कोरी पांढरी टोपी. ती तिथल्या तिथे, चारचौघांत, डोक्यावर घालायची. मान घेतला असे दिसले पाहिजे. गोपीनाथने काय केले? टोपी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, घडी करून खिशात ठेवली, आणि डोक्यावरची शिलोत्र्याची हॅट तशीच राहू दिली. त्याच्या भोळ्या मनाला वाटले, आपल्याजवळची सर्वांत भारी टोपी ती हीच. लेकीच्या लग्नात बापाने भारीच टोपी घालावी! नवरदेवाकडच्यांना वाटले, याने आमचा मान खिशात घातला.

"सासू मरंपरत मना 'टोपीवाल्याची पोर' बोलली," गोदा म्हणाली. "भाकरी करपली, टोपीवाल्याची पोर. पोर रडला, टोपीवाल्याची पोर. पानी भराला उशीर झाला, तरी तेच. तू व्हतास आठ वर्षांचा, मांडवात लाडू खात. तुना काय ठावं?"

राघोने टोपीच्या काठाला हात लावला. मग हळूच म्हणाला, "बाय, बाबा तुज्यासाठी नटला व्हता."

"मना ठावं नाय? मना ठावं हाय, रं! सासूला कोन सांगनार?"

अहो, काय सांगू! एकच टोपी, एकच बाप, आणि दोन लेकरे. एकाच्या तोंडावर तिची सावली पडली, दुसरीच्या तोंडावर तिचे ऊन पडले. आणि दोघांनीही पन्नास वर्षे एकमेकांना विचारले नाही. पांडुरंगा, तू माणसाला जीभ दिलीस, ती बोलायच्या वेळी कुठे अडकवून ठेवतोस?

राघोने टोपी काढली. काठाने धरून काढली आणि भिंतीजवळच्या बाकावर उलटी ठेवली. साईनाथच्या डोक्यावरचा नॅपकिन ओढून घेतला आणि आपल्या डोक्यावर टाकला. गोदाने दिवा सावरला, कुंकू लावले, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजन फिरवले. कुंकू लावताना तिचे बोट त्याच्या कपाळावर जरा जास्त वेळ राहिले, असे नयनवहिनी म्हणतात. राघोच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता. हरलेल्या माणसाचा चेहरा होता तो. कपाळ मिळाले, टोपी गेली.

जेवणे झाली. निघायची वेळ झाली. राघो चपला घालून अंगणात गेला, आणि टोपी आत बाकावरच राहिली. मुद्दाम राहिली की विसरून राहिली, तो जाणे आणि नारायण जाणे. मागून गोदाबाई आल्या. हातात टोपी. आणि टोपी कशी धरलेली? माथ्याला, पुढून, घट्ट चिमटीत! नुकतेच तबक आवरलेल्या त्या बोटांना दिव्याचे तेल, कुंकू आणि अक्षतांचे दाणे लागलेले.

राघोचे तोंड उघडले. "काठाने..." इथवर शब्द आला. पण तोवर गोदाने चवड्यांवर उभे राहून टोपी त्याच्या डोक्यावर दाबलीसुद्धा. फितीची गाठ डाव्या कानावर हवी ती कपाळाकडे सरकली, म्हणजे टोपी वाकडी बसली.

"घाल. ऊन हाय."

"पुडच्या वर्षी, बाय?"

"पुडच्या वर्षी पांढरी घेऊन ये. नायतर नॅपकिन हाय."

परतताना घोडबंदर रोडला गाड्या तासभर हलल्या नाहीत. राघोने तेवढ्या वेळात टोपी काढली, पाहिली, चरफडला, पुन्हा घातली. "चांगली टोपी वाया घालवली तिनं. तेलाचा डाग लोकरीतनं निघत नाय कधी!" सारा रस्ता हेच. घरी आल्याबरोबर त्याने किटलीत पाणी चढवले. वाफेवर धरली की खळगे उठतील, माथा पुन्हा गोल होईल. हे काम त्याला झोपेतही जमते.

पाणी उकळले. वाफ आली. राघो टोपी हातात घेऊन उभा राहिला. तपकिरी लोकर, पुढच्या अंगाला दोन बोटांचे दोन खळगे, खळग्यांत अडकलेले अक्षतांचे दोन-तीन दाणे. त्याने टोपी वाफेवर नेली, मागे घेतली. पुन्हा नेली, पुन्हा मागे घेतली. स्वतःवर, बहिणीवर, बापावर, त्या न सरणाऱ्या रस्त्यावर, सगळ्यांवर चिडलेला तो माणूस वाफेपुढे घामाघूम होऊन उभा होता.

आतून नयनवहिनींनी आवाज दिला, "उठला का माथा?"

"नाय."

"मंग किटली नुसती कशाला फुकट घालवतोस? चहा तरी टाक."

त्याने टोपी काठाने धरली, ओट्यावर उलटी ठेवली, आणि उकळत्या पाण्यात चहाची पूड घातली.

ती टोपी आता कपाटात नाही, दाराच्या खुंटीवर असते. पाहणारा प्रत्येक जण राघोला सांगतो, "अहो, हिचा माथा चेपलाय." आणि राघो प्रत्येकावर खेकसतो.