ढिल्या खुब्यांची ओपीडी

हाडांच्या डॉक्टरकडे हाडांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. आमच्या चंद्रपूरच्या ओपीडीत तर बाकावरचा प्रत्येक खुबा बोलतो! त्यातही बदललेला खुबा काही वर्षांनी ढिला झालेले पेशंट आले की त्यांची खैर नसते, कारण मला समजावून सांगायची भारी हौस.

मूल गावचे शामरावभाऊ राईस मिलमध्ये कामाला. त्यांचा खुबा ढिला होतोय हे एक्स-रेत दिसलं, तसं मी चित्रच काढलं. "भाऊ, आतलं प्लास्टिक घासून त्याचा बारीक भुगा होतो. शरीरातल्या पेशी तो खायला धावतात. तो पचत नाही. मग त्या अशा काही चिडतात की आजूबाजूचं चांगलं हाडच खाल्लं जातं!"

भाऊ चित्राकडे बघत म्हणाले, "म्हंजे चोर सापडला नाई, तं घरच्यायलेच झोडपून राह्यले!"

पुस्तकात याला दोन पानं लागतात, बाप्पा!

"पुन्हा ऑपरेशन लवकर करा. नाहीतर नवा खुबा बसवायला हाडच उरणार नाही," मी म्हटलं.

"पन दुखत कुठी हाय?" म्हणून भाऊ उठून चालू लागले. मला मात्र धास्तीच वाटली.

कारण न दुखणं हीच तर खरी गोम! हाड आतून पोखरतं आणि पेशंट मजेत. म्हणून मी सगळ्यांना दरवर्षी एक्स-रेला बोलावतो. ब्रह्मपुरीच्या एक बाई आल्याच नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "मांगच्या वर्षीचाच फोटो पाहून घ्या ना. मी तशीच हाय!"

अहेरीकडचे एक भाऊ आले ते गाल सुजवून. मी म्हटलं, "दाताकडे दुर्लक्ष नको. तिथले जंतू रक्तातून खुब्यापर्यंत पोचतात आणि तोही ढिला करतात." भाऊंनी कपाळावर हात मारला. "दातापासून खुब्यापर्यंत रस्ता हाय, आन् आमच्या गावाले नाई!"

आमच्या मेश्राम सिस्टरही काही कमी नाहीत. एकदा मी अर्धा तास समजावत होतो आणि पेशंट गाढ झोपला. सिस्टर म्हणाल्या, "सर, तुम्हीच बोलत राहा. भूल द्यायची गरजच नाई!"

मग एक दिवस शामरावभाऊ आले, चांगलेच लंगडत. त्यांच्या बायकोनं, पार्वताबाईंनी, हाताला धरून आणलं होतं. तरी ऑपरेशनला तयार होईनात. मी चिडलोच. "काऊन नाही म्हणता?"

"दुसरा खुबा बसवला, तरी खुर्चीच ना?"

"खुर्चीच. खाली बसायचं नाही."

"मंग कायले करू?" भाऊ म्हणाले. "पहिल्या ऑपरेशनापासून मी एकटाच खुर्चीवर जेवून राह्यलो. माही बुढी तिकडं खाली, चुलीपाशी. सोबतीनं जेवनंच सुटलं, डाक्टरसायेब."

 

पार्वताबाईंनी टेबलावरची औषधांची कोरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "ऑपरेशनची तारीख लिवा, सायेब. आन् खुर्च्या दोन लिवा."